९११ टी चे सुटे भाग : मूळ मुलाम्याच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

बॉडी रंगाऱ्याकडे, इंजिन स्टँडवर आणि उरलेलं सगळं माझ्या टेबलावर, अशी वाटणी झाली. गाडी पोर्शे ९११ टी, १९७२ चं मॉडेल, २.४ लिटर, झेनिथचे दोन तीन-तोंडी कार्बुरेटर. उजव्या दारामागे इंजिन ऑइल भरायची वेगळी झडप आहे, ती फक्त याच वर्षीच्या गाड्यांना होती. लोक तिलाच पेट्रोलची झडप समजायचे म्हणून ती पुढच्या वर्षी गेली, असं सांगतात.

माझ्या वाट्याला आलंय ते बहुतेक मुठीत मावणारं सामान: बोल्ट, वायसर, क्लिपा, ब्रॅकेट, कार्बुरेटरचे लिव्हर. शिवाय इंजिनावरचे पत्रे आणि चार चाकं.

भिंतीवर एकच नियम लिहिला: फोटो काढल्याशिवाय कशालाही ब्रश लागणार नाही. मागच्या गाडीच्या वेळी वायर-व्हीलवर दोन तासांत बादलीभर बोल्ट लख्ख करून टाकले होते. मग जोडणीला बसलो तेव्हा कोणता मुळात पिवळा होता, कोणता पांढरा, कोणता काळा, काही म्हणजे काही कळेना. पुरावा मीच घासून टाकला होता.

पुरावा सापडतो तो झाकलेल्या जागी. पेट्रोलच्या नळीची क्लिप आज सोडवली, तर खाली ब्रॅकेटवर नखाएवढी पट्टी जशीच्या तशी: सोनेरी, कडेला हिरवट-गुलाबी झाक, ओल्या रस्त्यावर तेल सांडल्यासारखी. बाकी ब्रॅकेट राखाडी आणि वर पांढरी भुकटी. ही पट्टी म्हणजे या कामाचा नमुना. ते ब्रॅकेट वेगळ्या डबीत ठेवलं. त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

१९ ऑक्टोबर

दिवसभर फक्त वर्गवारी. ३४० फोटो.

बोल्टचं डोकं वाचायची सवय लागली पाहिजे. कामाक्स, फेरबुस अशी बनवणाऱ्यांची नावं डोक्यावर उठवलेली आहेत आणि शेजारी ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा. दुकानातला नवा बोल्ट मापाने बसतो, पण त्याच्या डोक्यावर भलतंच नाव असतं. झाकण उघडून पाहणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते दिसणार नाही. दहाव्यासाठी हे काम आहे असं मी म्हणतो, पण खरं तर तो दहावा मीच.

८.८ आणि १०.९ वेगळ्या डब्यांत घातले. हे हौसेसाठी नाही, पुढे आम्लात काय घालायचं आणि काय नाही ते यावरच ठरणार आहे.

२६ ऑक्टोबर

एका धातू तपासणीवाल्याकडे हातात धरायचं क्ष-किरण यंत्र आहे. पिस्तुलासारखं टेकवायचं, चाप ओढायचा, काही सेकंदांत पृष्ठभागावर कोणते धातू आहेत ते पडद्यावर येतं. प्रत्येक प्रकारातला एक असे ११ नग नेले. सात जस्ताच्या मुलाम्याचे निघाले, चार कॅडमियमच्या.

डोळ्यांना मला फरक कळला नव्हता. आता माहीत झाल्यावर कळतो असं वाटतं: कॅडमियम जरा मवाळ, दुधाळ, जस्त अधिक निळसर. पण ही अक्कल निकाल हातात आल्यानंतरची.

कॅडमियम विषारी आहे. त्याची धूळ किंवा धूर छातीत गेला तर फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्हींवर बेततं. ते ३२१ अंशांनाच वितळतं, म्हणून कॅडमियमचा मुलामा असलेल्या बोल्टवर टॉर्च मारणं किंवा वेल्डिंग करणं म्हणजे जाणूनबुजून विष हुंगणं. मागच्या गाडीची ती बादली आणि ते वायर-व्हील आठवलं. मास्कही लावला नव्हता.

निर्णय: कॅडमियमच्या नगांना कानस, ब्रश, ब्लास्टिंग यांतलं काहीही लागणार नाही. साबणाचं पाणी, मऊ कापड, मग मेणाचा पातळ हात. ज्यांचा मुलामा पार गेलाय त्यांच्या जागी जस्ताचे येतील आणि यादीत तसं स्पष्ट लिहिलं जाईल.

२ नोव्हेंबर

घरच्या घरी जस्त चढवण्याचा पहिला प्रयोग. झिंक क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि बोरिक ॲसिडचं द्रावण, सामू ५ च्या थोडा वर, दोन बाजूंना जस्ताच्या पट्ट्या, मध्ये भंगारातले सहा एम-८ बोल्ट तांब्याच्या तारेला लटकवलेले.

हिशोब सरळ आहे. एका बोल्टचं क्षेत्रफळ आट्यांसकट साधारण १४ चौरस सेंटिमीटर, सहांचं ८४. दर १०० चौरस सेंटिमीटरला २ अँपिअर धरले तर १.७ अँपिअर लागतात. एवढ्या करंटला मिनिटाला अर्ध्या मायक्रॉनहून थोडं जास्त जस्त बसतं, म्हणजे १५ मिनिटांत ८ मायक्रॉन. याहून जाड थराचा मोह टाळावा. आट्यांच्या उतारामुळे थर जेवढा, त्याच्या चौपट आट्यांचा मधला व्यास वाढतो. ८ मायक्रॉनला ३२. दुप्पट थर दिला की नट हाताने फिरायचा बंद होतो आणि माणूस पान्याला दोष देतो.

जस्त छान बसलं. राखाडी, एकसारखं. खोलगट कोपऱ्यांत कमी आणि कडांवर जास्त, ते होणारच. करंट जवळची वाट धरतो.

मग अर्धा टक्का नायट्रिक ॲसिडमध्ये दोन-तीन सेकंद बुचकळलं की जस्त उजळतं. त्यानंतर पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावर गंज रोखणारी क्रोमियमची पातळ फिल्म; ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी घातक क्रोमियमच्या प्रकारचं. बाहेर काढले तेव्हा रंग आला होता, आणि मी काय केलं तर ओले बोल्ट फडक्याने पुसले. फडकं पिवळं, बोल्ट पांढरे.

ही फिल्म ओली असताना सायीसारखी असते. नुसती हवा लागू द्यायची आणि निदान २४ तास बोट लावायचं नाही. वाळवतानाही ६० अंशांच्या वर नेलं तर ती तडकते आणि गंज रोखण्याचा तिचा निम्मा उपयोग संपतो. हे मला वाचून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

३ नोव्हेंबर

उरलेले तीन बोल्ट पुसले नव्हते. ते वाळून पिवळे झालेत. डबीतल्या ब्रॅकेटशेजारी ठेवले.

रंग जवळपास तोच, पण जीव नाही. ट्रायव्हॅलंटमध्ये पिवळेपणा बराचसा रंगद्रव्याने आणलेला असतो, म्हणून तो सगळीकडे सारखा पडतो. जुना हेक्साव्हॅलंट क्रोमेट फिल्मच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो: कडेला गुलाबी, मध्ये सोनेरी, पाणी साचलं तिथे तपकिरी. दोषच तो, पण त्या काळचा.

हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपात नव्या गाड्यांच्या बोल्टवरून २००७-०८ मध्येच ते हद्दपार झालं. माझ्या टेबलावर त्याला जागा नाही, एका बोल्टच्या गुलाबी कडेसाठी तर नाहीच. ज्याच्याकडे परवाना, धूर ओढणारी यंत्रणा आणि सांडपाणी शुद्ध करायची सोय आहे, अशाच कारखान्यात काम द्यायचं. नाही मिळाला तर ट्रायव्हॅलंट आणि गप्प बसायचं.

९ नोव्हेंबर

ही नोंद लाल शाईने.

मंगळवारी मी कार्बुरेटरच्या लिव्हरची परतीची स्प्रिंगसुद्धा त्याच द्रावणात घातली होती. गंज काढायला आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये दहा मिनिटं, मग जस्त, मग पिवळं. सुंदर दिसत होती. ताण कसा धरते ते बघावं म्हणून गुरुवारी संध्याकाळी खिळ्याला टांगून खाली वजन लावलं. आज सकाळी शेजारी चहा पीत असताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. वजन खाली. स्प्रिंगचे दोन तुकडे.

ना वाकली, ना ताणली गेली; काच तुटावी तशी तुटली.

आम्लात आणि मुलामा चढताना हायड्रोजन तयार होतो आणि पोलादात शिरतो. मऊ पोलाद तो पचवतं. कडक पोलादात, म्हणजे स्प्रिंगा, १०.९ आणि त्यावरचे बोल्ट यांत, तो ताण असलेल्या जागी गोळा होतो आणि तासांनी किंवा दिवसांनी, काही सूचना न देता, तडा जातो. हातात घेतल्यावर काही कळत नाही. हीच स्प्रिंग गाडीवर असती आणि थ्रॉटल उघडा असताना तुटली असती, तर पाय उचलूनही इंजिन ओढतच राहिलं असतं.

उपाय ठाऊक असलेला आहे. कडक नगांना शक्यतो आम्ल दाखवायचं नाही, यांत्रिक सफाई करायची. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत भट्टीत, १९० ते २२० अंशांवर, बरेच तास. आणि क्रोमेट त्यानंतर, कारण त्या तापमानात क्रोमेट टिकत नाही. म्हणजे जस्त, भट्टी, मग पिवळं. क्रम चुकला की एक तरी गोष्ट वाया.

उरलेल्या स्प्रिंगा धुतल्या, तेलाचा हात दिला. त्यांना यापुढे कसलाही मुलामा नाही. तुटलेले दोन तुकडे नियमाच्या खाली भिंतीला चिकटवले.

२३ नोव्हेंबर

काळे बोल्ट. फॉस्फेटचे होते, मँगनीजचा काळसर राखाडी थर, जो स्वतः गंज अडवण्यापेक्षा तेल धरून ठेवण्याचं काम जास्त करतो. ९५ अंशांच्या आसपास बुडबुडे थांबेपर्यंत ठेवले आणि गरम असतानाच तेलात टाकले. यात अडचण काही आली नाही, म्हणून लिहायलाही काही नाही.

७ डिसेंबर

मुलामा देणारा सापडला. कारखाना मोठा, हेक्साव्हॅलंटची एक टाकी जुन्या गिऱ्हाइकांसाठी अजून चालू. मालकाने माझा डबा पाहिला आणि म्हणाला, ‘चकाचक करून देतो साहेब, आधी बफ मारतो.’

बफ नको, हे पटवून द्यायला अर्धा तास गेला. डोक्यावरची अक्षरं बोथट होतात, कडा गोल होतात, आणि मुळात हे बोल्ट चकचकीत कधीच नव्हते. मी नमुन्याचं ब्रॅकेट दाखवलं. ‘हे तर खराब झालेलं आहे,’ तो म्हणाला. मी क्लिपखालच्या पट्टीवर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि मग आवाज बदलला. ‘हा आमच्या वडिलांच्या वेळचा माल. तेव्हा टाकी अशीच चालायची.’

ठरलं ते असं: छोटे ८.८ बॅरलमध्ये, म्हणजे फिरत्या जाळीदार पिंपात, ब्रॅकेट आणि लिव्हर तारेवर, १०.९ वेगळे आणि त्यांना भट्टी. कॅडमियमचं काही त्याने घेतलं नाही. त्याच्या सांडपाण्यात कॅडमियम गेलं तर त्याची पंचाईत. बरोबर आहे.

मोजून दिले: २८६ नग.

२१ डिसेंबर

परत आले २७९. सात वायसर बॅरलच्या जाळीतून गेले असणार. वजनावर काम करणाऱ्याला नगाचा हिशोब सांगून उपयोग नाही. पुढच्या वेळी बारीक वायसर तारेत ओवून द्यायचे. तीन बोल्टांच्या आट्यांवर एकमेकांवर आपटून टोले पडलेत, ते आटे पाडायच्या डायमधून हळूच फिरवून घेतले.

पण रंग! कागदावर पसरले आणि खिडकीपाशी नेले. एकाही बोल्टचा रंग दुसऱ्यासारखा नाही. काही लिंबासारखे, काही मधासारखे, दोन-चार जवळजवळ तपकिरी. लिव्हरच्या भोकाजवळ तार बांधली होती तिथे फिकट खूण राहिली आहे. ब्रॅकेट शेजारी धरलं. पट्टी कुठे संपते आणि नवं कुठे सुरू होतं ते एका बाजूने सांगता येत नाही.

तार बांधल्याची खूण जुन्या लिव्हरवरही आहे का, ते फोटोंत पाहिलं. फोटो ११८. आहे. जवळपास त्याच जागी.

एक सूचना स्वतःसाठी: कॅडमियम निसरडं असतं, जस्त तितकं नाही. जिथे कॅडमियमच्या जागी जस्त आलंय तिथे तोच टॉर्क लावला तरी बोल्ट कमी ओढला जातो, कारण जोर घर्षणातच खर्च होतो. अशा जागा यादीत तांबड्या टिंबाने दाखवल्यात.

११ जानेवारी

इंजिनावरचे काळे पत्रे. पावडर कोटिंग करून टाक, असा सल्ला चौघांनी दिला. मजबूत असतं, मान्य. पण पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा, जुन्या भट्टीतल्या रंगाच्या जवळपास तिप्पट. पत्र्याच्या उठावदार नक्षीवर ते रजई पांघरल्यासारखं दिसतं. शिवाय बोल्टखाली दबून हळूहळू बसतं आणि बोल्ट ढिला होतो.

चमक किती ठेवायची ते रबरी सीलखालच्या पट्टीवरून ठरवलं. पूर्ण चकचकीत नाही, मॅट तर नाहीच. जुन्या शाळेच्या नव्या रंगवलेल्या फळ्यापेक्षा थोडी जास्त, पियानोपेक्षा बरीच कमी. चार नमुने मारून पाहिले, तिसरा जमला. पत्र्यांच्या मागच्या बाजूला मूळ रंग विरळ होता, काही ठिकाणी नुसता फवारा उडालेला. मीही तिथे एकच हात दिला. हात थांबवणं अवघड गेलं.

एका झाकणाबद्दल शंका होती, ॲल्युमिनियम की मॅग्नेशियम. या इंजिनाची क्रँककेस, म्हणजे मुख्य कवच, मॅग्नेशियमची आहे, तेव्हा गृहीत काहीच धरायचं नाही. आतल्या कडेला व्हिनेगरचा एक थेंब टाकला. लगेच फसफसलं: मॅग्नेशियम. थेंब पुसून जागा धुतली. त्या झाकणाला आम्लाचं कुठलंही काम नाही आणि त्याची कोरडी घासणीही नाही. मॅग्नेशियमची भुकटी पेटली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

१ फेब्रुवारी

चाकं. फुक्सची, सहा इंच रुंद, पंधरा इंच व्यासाची. जर्मनीतल्या माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्याने ही घडवली. पहिली १९६६ मध्ये ९११ एस वर आली. आकार पोर्शेच्या हाइनरिश क्ली यांचा. ओतीव नाहीत, ॲल्युमिनियमचा गोळा दाबाखाली घडवून काढलेली, म्हणून इतकी हलकी. पाच पाकळ्या, मधल्या खोलगट भागात काळा रंग, बाकी ॲनोडाइझ केलेला उघडा धातू.

लोकांना वाटतं ही चाकं आरशासारखी होती. आरसा नंतरच्या मालकांनी केला. मूळ पृष्ठभाग शांत, रुपेरी, जरासा धुरकट. ॲनोडाइझिंग म्हणजे वरून दिलेला थर नसून धातूच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड केलेलं असतं, काचेइतकं कडक. ते बफने उडवलं की खालचा धातू चमकतो खरा, पण उघडा पडतो आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा पॉलिश मागतो.

चारपैकी तीन चाकांवर मूळ ॲनोडाइझिंग शिल्लक आहे. चरे आहेत, ब्रेकची काजळी बसलेली आहे, पण आहे. चौथं कुणीतरी प्रेमाने पॉलिश केलंय.

सोपा मार्ग म्हणजे चारही कॉस्टिक सोड्यात घालून साफ करायची, घासून एकसारखी करायची आणि नव्याने ॲनोडाइझ करायची. दोन दिवस याच विचारात गेले. ज्या तिघांवर मूळ काम जिवंत आहे ते चौथ्याच्या सोबतीसाठी का मारायचं? तिन्ही फक्त धुतली. सौम्य साबण, लाकडी काडी, काळ्या रंगाची गेलेली जागा तेवढी भरली.

१५ फेब्रुवारी

चौथं चाक. आधी फिरवून पाहिलं, वाक नाही. वाक असता तर हे चाक भिंतीवरच गेलं असतं. घडवलेल्या चाकाला तापवून सरळ करणं मला मान्य नाही.

पॉलिशवाल्याने पाकळीच्या कडा खाल्ल्या आहेत. शेजारच्या चाकाची कड नखाला लागते, याची लागत नाही. त्यावर इलाज नाही, गेलेला धातू गेला.

धुरकटपणा परत आणायला बारीक घासणीचे सहा नमुने केले, सगळे सारख्या जातीच्या पट्टीवर. ॲनोडाइझिंग काही लपवत नाही, एक चरा असेल तर तो कायमचा मोहोरबंद करतं. कामवाल्याकडे गंधकाम्लाची टाकी, २० अंशांच्या आसपास, १५ व्होल्ट, शेवटी उकळत्या पाण्याच्या जवळपास सीलिंग. पाचवा नमुना जुन्या चाकांच्या सर्वांत जवळ आला, तोच घेतला.

चाक छान आलं. दहा फुटांवरून चौघं भाऊ. हातात घेतलं की हा सावत्र.

ते गाडीच्या उजवीकडे मागे लावणार, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष चाकाऐवजी तेलाच्या झडपेकडे जाईल. चाकाचे नट ॲल्युमिनियमचेच, त्यांना पितळी ब्रशही लावला नाही. टॉर्क १३० न्यूटन-मीटर.

८ मार्च

जोडणी सुरू. पत्र्यांवर पिवळ्या रंगाचे दोन-तीन फराटे जुन्या फोटोंत दिसतात, तपासणाऱ्याने मारलेले. ते परत मारायचे की नाही यावर मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, ते नाटक होईल. तपासलं त्यांनी होतं, आपण नाही. मला त्याचं पटलं. नाही मारले.

२२ मार्च

इंजिन आज बसलं. डाव्या बाजूला इग्निशन बॉक्स ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा, त्याचे बोल्ट, वायर. चावी फिरवली. स्टार्टर फिरतो, ठिणगी नाही.

दोन तास बॉक्सवर संशय, मग वायरिंगवर, मग स्वतःवर. शेवटी मीटर घेऊन अर्थच्या वायरीपासून पत्र्यापर्यंत मोजलं: अनंत रोध, जोडणीच नाही. पत्रा जानेवारीत मीच रंगवला होता, दोन्ही बाजूंनी, आणि वर समाधानाने तिसरा हातही दिला होता.

फोटो २०४ शोधून काढला. पत्र्यावर त्या बोल्टच्या भोवती रुपयाएवढं उघडं वर्तुळ, रंग नाही, नुसता जस्ताचा मुलामा. ऑक्टोबरमध्ये मी ते पाहिलं होतं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘रंग उडालाय, इथे नीट भरायचा.’

कानस घेतली. वायसरपेक्षा जरा मोठं गोल खरवडून काढलं, कडेला थोडं वेडंवाकडं झालं, फोटोत आहे तसंच. बोल्ट लावला. दुसऱ्या फेरीला इंजिन पेटलं.